सड्यावरच्या वनस्पती आणि मातीतले सूक्ष्मजीव एकत्र मोजायचे असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी दाजीपूरचं जंगल, मसाई पठार आणि शिरोळकडचं उसाचं रान अशा तीन जागा निवडल्या आहेत. प्रत्येक जागी दहा क्वाड्रॅट (ठरावीक मापाच्या चौकटी) टाकून वनस्पतींच्या प्रजाती मोजायच्या, तिथली माती एकत्र करून प्रत्येक जागेचा एकच नमुना डीएनए सिक्वेन्सिंगला (डीएनएचे क्रम वाचायला) पाठवायचा, आणि वनस्पतींची विविधता जास्त असते तिथे मातीतल्या सूक्ष्मजीवांचीही जास्त असते का, हे तपासायचं. दहा क्वाड्रॅट पुरतील का?

दहाचे वीस केले तरी या आराखड्यातून तुमच्या प्रश्नाचं उत्तर निघणार नाही. हे आत्ताच स्पष्ट सांगते, कारण एक पावसाळा हातचा गेला की वर्ष जातं आणि सिक्वेन्सिंगचे पैसे एकदा भरले की परत येत नाहीत. अडचण क्वाड्रॅटच्या संख्येत नाही. वनस्पती तुम्ही मीटरात मोजणार, सूक्ष्मजीव चिमूटभर मातीत. या दोघांची गाठ नेमकी कोणत्या पातळीवर घालायची, हे आराखड्यात कुठेच ठरलेलं नाही. ते आधी ठरवा, मग क्वाड्रॅट किती हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी जागांचं बघू. कोल्हापूर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडताना सगळंच एकदम बदलतं. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि शंभरेक किलोमीटरवर शिरोळला जेमतेम ५०० च्या आसपास. पश्चिमेला जांभ्यावरची तांबडी माती, सामू (पीएच) साधारण ५ ते ६. पूर्वेला काळी, चिकण माती, सामू ८ च्या आसपास, काही शिवारं तर क्षारपड झालेली. एकीकडे कुणी कधी खत न घातलेलं रान, दुसरीकडे वर्षानुवर्षांचा युरिया, पाटपाणी आणि पाचट. अशा तीन जागांमध्ये सूक्ष्मजीवांचा फरक सापडणार हे नक्की; पण तो वनस्पतींमुळे, पावसामुळे, सामूमुळे की खतामुळे, हे कुठल्याही सांख्यिकी चाचणीला वेगळं काढता येणार नाही.

यातला सामू सगळ्यांत जबरदस्त. फायरर आणि जॅक्सन यांनी २००६ साली उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिवाणूंची विविधता कशावरून सांगता येते, तर प्रामुख्याने मातीच्या सामूवरून. उदासीन मातीत ती सर्वाधिक, आम्ल मातीत कमी. वनस्पतींनी गच्च भरलेल्या पेरूतल्या अ‍ॅमेझॉनच्या आम्ल मातीत तर ती अगदी तळाला होती. म्हणून दाजीपूरच्या रानापेक्षा उसाच्या रानात जिवाणूंचे प्रकार जास्त निघाले तर दचकू नका. आणि त्यावरून ‘एकपीक शेतीने सूक्ष्मजीव वाढतात’ असा निष्कर्ष तर अजिबात काढू नका.

दुसरी अडचण तितकीच मोठी. प्रत्येक जागेची माती एकत्र केल्यावर तुमच्याकडे नमुने राहतात तीन. आलेखावर तीन ठिपके. त्यातून संबंध दाखवता येत नाही. दहा क्वाड्रॅटची माती वेगवेगळी ठेवली आणि तीस ठिपके काढले, तरी जागा तीनच राहतात. मसाईवरचे दहा क्वाड्रॅट म्हणजे दहा स्वतंत्र पठारं नव्हेत. हर्लबर्टने १९८४ मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव दिलं. आजही परिसंस्थेवरचे प्रबंध सर्वाधिक इथेच अडतात. परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच येतो.

मग करायचं काय? वनस्पती बदलतील पण बाकीचं शक्य तितकं स्थिर राहील, अशा जागा निवडायच्या. आपल्याकडे याच्या दोन उत्तम सोयी आहेत.

एक देवराईची. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या तालुक्यांत अजून देवराया टिकून आहेत. देवराई आणि तिच्या कुंपणाबाहेरचं करवंदी-झुडपांचं रान यांच्याखाली जांभा तोच, पाऊस तोच, उतारही बहुधा तोच. अशा आठ-दहा जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीत आतला-बाहेरचा फरक काढला, तर तुलना खरी होते. मात्र देवराईत कोअर (मातीचा नमुना काढायची नळी) मारण्याआधी गावकऱ्यांशी आणि पुजाऱ्याशी बसून बोला, चपला बाहेर काढा, आणि देवाच्या ठिकाणाजवळची माती घेऊच नका. नमुन्यासाठी दहा मीटर लांब सरकलं तर काही बिघडत नाही.

दुसरी सोय सड्यांची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांची, आणि तुमच्या जागी मी असते तर तीच निवडली असती. मसाई पठार, राधानगरी अभयारण्यातला इदरगंज, सावराई सडा, चंदगडकडचे आणि आंबा घाटमाथ्यावरचे सडे, सगळे जांभ्याचे. एकाच पठारावर शंभर पावलांत उघडा कातळ, पाण्याची उथळ डबकी, बोटभर मातीचा थर, आणि खोल मातीची गवताळ बेटं सापडतात. म्हणजे वनस्पतींच्या विविधतेचा चढउतार फार थोड्या अंतरात मिळतो. वनस्पती लहान असल्याने एक चौरस मीटरही बोलका असतो. शिवाय या मातीचा अभ्यास व्हायलाच हवा. आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि खाणकामात सगळ्यांत आधी निघून जातो तो हाच बोटभर थर. तो पुन्हा पसरला म्हणजे पठार परत आलं, असं म्हणणाऱ्यांना त्या थरात काय होतं हे दाखवायला आपल्याकडे आकडे असायला हवेत.

आता मोजणी. पठारावर गेल्या गेल्या क्वाड्रॅटची चौकट फेकू नका. आधी सगळं पठार चालून अधिवास वेगळे करा: कातळ, डबकं, पातळ माती, खोल माती, कडेची झुडपं. मग प्रत्येक अधिवासात यादृच्छिक जागा काढा. सरसकट यादृच्छिक टाकलं तर निम्मे क्वाड्रॅट कोरड्या कातळावर पडतात, आणि फुललेल्या ठिकाणी चौकट ठेवायचा मोह आवरला नाही तर आकडा फुगतो. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीची वाट मसाईवरून जाते. जुलैमध्ये तिथून हजारो पावलं जातात. त्या वाटेपासून लांब राहा किंवा तुडवण्याचा परिणाम हाच वेगळा घटक म्हणून नोंदवा.

एक चौरस मीटर कसा वाचायचा ते सांगते, कारण पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं की ‘प्रजातींची नोंद करावी’. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट घ्या, तिला सुतळीने आडवे-उभे भाग पाडून २५ सेंटिमीटरची सोळा घरं करा. चौकट ठेवल्याबरोबर, कुणाचा पाय पडायच्या आत, वरून सरळ एक फोटो. मग एकाने गुडघ्यावर बसून घराघराने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. सप्टेंबरमध्ये मसाईवर असा एक चौकोन बघाल तर एका कोपऱ्यात काळपट, खरखरीत कातळ दिसेल. तो काळेपणा दगडाचा नसून निळ्या-हिरव्या शैवालांचा असतो. कातळाच्या कडेला पाणी झिरपतं तिथे सीतेची आसवं, जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. खोलगट भागात पाणी साचलेलं आणि त्यात गेंदांची पांढरी टोकं. बाजूला जरा माती साठली की नभाळी, कवला, तेरडा. आणि माती वीतभर झाली की गवत येतं आणि बाकीच्यांना दाबायला लागतं. दवबिंदू इतका खाली आणि इतका तांबूस असतो की नजर जमिनीपासून वीतभरावर आणल्याशिवाय तो सापडत नाही.

वनस्पतीचं मूळ चौकटीच्या आत असेल तरच ती मोजायची. बाहेरून आत झुकलेलं पान धरायचं नाही. गवतं आणि पसरणाऱ्या वनस्पतींचे नग मोजत बसू नका, एक झुपका म्हणजे किती झाडं याला उत्तर नसतं. त्याऐवजी सोळांपैकी किती घरांत ती प्रजाती आहे ते लिहा आणि आच्छादनाचा टक्का अंदाजाने द्या. अंदाज पूर्ण मोसमभर एकाच माणसाने द्यायचा. शेवटी लोखंडी गज घेऊन पाच ठिकाणी मातीची खोली मोजा. हे काम मिनिटाभराचं आहे, पण सड्यावर मातीची खोली हा वनस्पतींना आणि सूक्ष्मजीवांना दोघांनाही हलवणारा घटक आहे. ती मोजली नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण लंगडं पडतं.

ओळख पटवताना घाई नको. गेंदांच्या प्रजाती पठारावर उभं राहून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फुलांचे बारीक भाग आणि बियांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो. तोवर ‘गेंद-अ’, ‘गेंद-ब’ असं लिहा, पण पहिल्या दिवशी ज्याला अ म्हटलं तो शेवटपर्यंत अच राहील, यासाठी प्रत्येकाचं एक बोंड कागदी पाकिटात घालून जपा. गवतं फुलोऱ्यावर आल्याशिवाय ओळखू येत नाहीत आणि ती फुलतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. उलट काळी मुसळी, सफेद मुसळीची मंडळी पावसाच्या सुरुवातीला फुलून जातात. म्हणून एकाच फेरीत पठाराची यादी पुरी होत नाही. जुलै, सप्टेंबरचा मध्य आणि ऑक्टोबर, एवढ्या तीन फेऱ्या त्याच क्वाड्रॅटवर हव्यात. मोबाइलच्या जीपीएसची चूक तीन-पाच मीटरची असते, म्हणजे तुमच्या चौकटीपेक्षा मोठी. तेव्हा कातळावर रंगाचा छोटा ठिपका द्या आणि दोन ठळक दगडांपासून टेपने अंतर लिहून ठेवा. ओळखीसाठी एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याचा फ्लोरा (वनस्पतींचा नोंदग्रंथ) आहे, शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये काढलेला. तो हाताशी ठेवा आणि अडेल तिथे विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना नेऊन जुळवा. उपटताना मात्र भान हवं: कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ गोष्टीचा फोटो पुरे, कंद हलवायचा नाही.

क्वाड्रॅट किती, याचं उत्तर पठारच देतं. प्रत्येक नव्या क्वाड्रॅटनंतर एकूण प्रजाती किती झाल्या याचा आलेख काढत जा. सुरुवातीला तो उभा चढतो, मग वाकतो. क्वाड्रॅटचा क्रम बदलला की आलेख बदलतो, म्हणून क्रम शेकडो वेळा फिरवून सरासरी घ्यायची. संगणकाला ते क्षणाचं काम. आलेख पूर्ण सपाट होण्याची वाट बघू नका, सड्यावर तो सहसा होत नाही. तिथे न सापडलेल्या प्रजातींचा अंदाज देणारी, संख्याशास्त्रज्ञ चाओ यांची पद्धत उपयोगी पडते. कल्पना साधी आहे: फक्त एकाच क्वाड्रॅटमध्ये सापडलेल्या प्रजाती बऱ्याच असतील, तर अजिबात न सापडलेल्याही बऱ्याच असणार. समजा २० क्वाड्रॅटमध्ये ४२ प्रजाती मिळाल्या. त्यांतल्या १० फक्त एका क्वाड्रॅटमध्ये आणि ५ नेमक्या दोन क्वाड्रॅटमध्ये आहेत. मग १० चा वर्ग १००, त्याला ५ च्या दुपटीने म्हणजे १० ने भागलं की १०, आणि त्याला २० पैकी १९ या प्रमाणाने गुणलं की ९.५. म्हणजे अंदाजे ५१-५२ प्रजाती, आणि तोही किमान अंदाज. ४२ आणि ५२ मधली ही दरी प्रत्येक अधिवासासाठी बघा. जिथे दरी मोठी तिथे क्वाड्रॅट वाढवा, जिथे नाही तिथे थांबा. दोन पठारांची तुलना करताना क्वाड्रॅटची संख्या सारखी करूनच आकडे शेजारी ठेवा.

जंगलाचा नमुना घ्यायचाच झाला तर एकात एक चौकोन: झाडांना १० बाय १० मीटर, झुडपांना ५ बाय ५, आणि खालच्या शाकीय वनस्पतींना १ बाय १. अंजनी-जांभळाच्या जंगलात झाडांसाठी २० बाय २० घेतलं तर अधिक बरं.

आता माती, आणि इथे माझा आग्रह एकच: ज्या चौकटीत वनस्पती मोजल्या, त्याच चौकटीतली माती. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणची माती एकत्र करून एका क्वाड्रॅटचा एक नमुना. क्वाड्रॅट-क्वाड्रॅटची माती एकमेकांत मिसळायची नाही. डीएनए काढण्याच्या नेहमीच्या किटमध्ये पाव ग्रॅम माती जाते. त्या पाव ग्रॅमने एक चौरस मीटरचं प्रतिनिधित्व करायचं असेल तर मिसळणं मनापासून झालं पाहिजे. शक्य असेल तर एकाच नमुन्यातून दोन-तीनदा डीएनए काढून ते एकत्र करा.

पैसे कमी असतील तर एका पठारावरचे नमुने कमी करा, पठारं कमी करू नका. दोन पठारांवरच्या वीस-वीस नमुन्यांपेक्षा आठ पठारांवरचे पाच-पाच नमुने कधीही जास्त सांगतात. खर्च तेवढाच.

सड्यावर मातीचा कोअर सहसा जात नाही, दोन-तीन सेंटिमीटरवर जांभा लागतो आणि दातरं वाकतात. वरचे पाच सेंटिमीटर किंवा जेवढी माती आहे तेवढी, असं ठरवा आणि दोन्हींपैकी काय केलं ते लिहा. अवजारं निव्वळ स्पिरिटने पुसून भागत नाही. स्पिरिटने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. ब्लीचने धुवून, स्वच्छ पाण्याने ब्लीच काढून मग वापरा. त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक क्वाड्रॅटला नवा चमचा आणि नवे हातमोजे. सप्टेंबरची ओली माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून जात नाही आणि ती जावी म्हणून वाळवली तर सूक्ष्मजीवांचा समतोल बदलतो. चार मिलिमीटरची चाळणी घ्या किंवा चिमट्याने मुळं आणि खडे वेचून काढा, पण सगळ्या नमुन्यांना एकच रीत.

जागेवरच मातीचे तीन भाग करा. पहिला डीएनएसाठी, निर्जंतुक नळीत, लगेच बर्फावर, संध्याकाळी उणे २० अंशांत. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर उणे ८०. दुसरा ४ अंशांवर, श्वसन आणि विकरांच्या (एन्झाइमच्या) चाचण्यांसाठी. तो गोठवायचा नाही आणि आठवड्याभरात संपवायचा. तिसरा सावलीत वाळवून सामू, सेंद्रिय कर्ब आणि पोतासाठी. सामू १ भाग माती, २.५ भाग पाणी या प्रमाणात. बर्फ पुरेसा न्या. घाटमाथ्यावरून कोल्हापूरला परतताना रस्त्यात झाड पडलं की दोन तासांचे चार होतात. बरोबर एक रिकामी नळीही न्या, तिचं झाकण पठारावर उघडा, बंद करा आणि बाकीच्या नमुन्यांबरोबरच तिचाही डीएनए काढा. त्या नळीत जे सापडेल ते तुमच्या पठाराचं नाही, हातांचं आणि किटचं आहे.

माती कधी काढायची हे ठरवणं सगळ्यांत नाजूक. वळवाचा पहिला पाऊस पडला की महिनोन्‌महिने कोरडी पडलेली माती एकदम भिजते, तिच्यातले बरेच जीव फुटतात, उरलेले त्यावर तुटून पडतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोटच्या लोट बाहेर येतो. बर्च यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेला हाच तो परिणाम. त्या आठवड्यात एका पठाराची माती घेतली आणि दुसऱ्याची पंधरा दिवसांनी, तर तुम्ही पठारं मोजत नाही, पाऊस मोजता. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाल्यावर सगळी पठारं एकाच आठवड्यात उरका. वनस्पतींची यादी तीन फेऱ्यांची चालेल, माती एका आठवड्याचीच.

सिक्वेन्सिंग परवडत नसेल तर प्रबंध अडत नाही, फक्त प्रश्न बदला. क्लोरोफॉर्म धुरी देऊन सूक्ष्मजीवांचा जैवभार, अल्कलीच्या सापळ्याने श्वसन, डिहायड्रोजिनेज विकर, ओल्या चाळणीने मायकोरायझाचे (मुळांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचे) बीजाणू, आणि ट्रिपॅन ब्लूने रंगवून मुळांतला कवकांचा शिरकाव: हे सगळं आपल्याकडच्या साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. यातून किती सूक्ष्मजीव आणि किती सक्रिय हे कळतं, किती प्रकारचे हे कळत नाही. पेट्री प्लेटवरच्या वसाहती मोजून त्याला विविधता म्हणण्याची प्रथा मात्र सोडून द्या. मातीतल्या जिवाणूंपैकी १ टक्का किंवा त्याहून कमीच नेहमीच्या माध्यमावर वाढतात, आणि ते कोणते वाढतात हे माध्यम ठरवतं.

सिक्वेन्सिंग करणार असाल तर जिवाणूंसाठी १६एस, कवकांसाठी आयटीएस, हे ओळख पटवणारे डीएनएचे तुकडे वाचायचे. मायकोरायझा हा मुख्य विषय असेल तर आयटीएसवर विसंबू नका, तो गट त्यात नीट पकडला जात नाही. त्यासाठी वेगळे प्रायमर (हवा तो डीएनएचा तुकडा पकडणारे छोटे क्रम) आहेत. सड्याच्या मातीत शैवालं, शेवाळं आणि बारीक मुळं भरपूर असतात, त्यांच्या हरितलवकांचे आणि तंतुकणिकांचे क्रम १६एसमध्ये येतात. ते काढून टाका, पण निळी-हिरवी शैवालं त्यांच्याबरोबर वाहून जाऊ देऊ नका, ती खरी जिवाणू आहेत आणि कातळावर तीच पहिली वस्ती करतात.

वनस्पतींसाठी वर सांगितलेला चाओचा हिशोब सूक्ष्मजीवांना तसाच लावू नका. तो एकदाच दिसलेल्या प्रकारांवर उभा आहे, आणि डाडा-२ सारखी, क्रमांतल्या चुका काढणारी संगणक प्रणाली एकदाच आलेले क्रम चुका समजून आधीच गाळते. पायाच काढून घेतल्यावर अंदाज कसला? सूक्ष्मजीवांमध्ये निव्वळ प्रकारांची संख्या हा सगळ्यांत तकलादू आकडा आहे. किती रीड (वाचले गेलेले क्रम) मिळाले यावर ती हलते. एका जिवाणूत १६एस जनुकाच्या अनेक प्रती असतात, ई. कोलायमध्ये सात. शिवाय मातीतला बराच डीएनए मेलेल्या पेशींचा असतो. २०१६ च्या एका अभ्यासात तो सरासरी ४० टक्के निघाला. म्हणून शॅननच्या विविधता-निर्देशांकाचा घातांक घेऊन येणारी परिणामी प्रजातिसंख्या वनस्पती आणि सूक्ष्मजीव दोघांसाठी काढा आणि ते आकडे शेजारी ठेवा. दुर्मिळ प्रकारांच्या गोंधळाचा तिच्यावर बराच कमी परिणाम होतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. याचं उत्तर गवताळ प्रदेशांसाठी बऱ्यापैकी मिळालेलं आहे. प्रोबर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चार खंडांतल्या २५ गवताळ प्रदेशांत हेच तपासलं. एका जागी वनस्पती किती प्रकारच्या, यावरून तिथे सूक्ष्मजीव किती प्रकारचे हे सांगता आलं नाही. पण दोन जागांमधल्या वनस्पती एकमेकींपासून जितक्या वेगळ्या, तितके त्यांचे सूक्ष्मजीवही वेगळे, हा संबंध पर्यावरणाचे इतर घटक हिशोबात धरल्यावरही टिकला. म्हणून प्रबंधाचा प्रश्न ‘जास्त तिथे जास्त का’ असा न ठेवता ‘वेगळ्या तिथे वेगळे का’ असा ठेवा. आपल्या सड्यांवर, चार महिने पाण्याखाली आणि आठ महिने भाजून निघणाऱ्या बोटभर मातीत हा संबंध टिकतो का, हा प्रश्न जोरकस आहे.

त्यासाठी प्रत्येक दोन क्वाड्रॅटमधला वनस्पतींचा फरक आणि सूक्ष्मजीवांचा फरक असे दोन तक्ते तयार होतील, ब्रे-कर्टिस या फरक मोजायच्या पद्धतीने. त्यांचा संबंध बघताना मातीची खोली, सामू, ओलावा आणि दोन जागांमधलं अंतर यांचा वाटा वेगळा काढा. एकमेकांजवळचे क्वाड्रॅट तसेही सारखे असतात, ते श्रेय वनस्पतींना जाऊ नये. एकाच पठारावरचे क्वाड्रॅट एकमेकांशी बांधलेले आहेत हे सांख्यिकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये) सांगा. पठार हा यादृच्छिक घटक म्हणून घाला. संबंध सापडला तरी वनस्पतींमुळे सूक्ष्मजीव बदलले की सूक्ष्मजीवांमुळे वनस्पती, हे यातून कळणार नाही. ते कळायला कुंड्यांचा प्रयोग लागतो: एकच निर्जंतुक माती, तिच्यात वेगवेगळ्या क्वाड्रॅटची चमचाभर माती मिसळायची आणि त्यावर एकच गवत लावून बघायचं. प्रबंधात वेळ उरला तर करा, नाहीतर पीएच.डी.साठी ठेवा.

परवानगीचं काम आत्ताच सुरू करा. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथून माती काय, वाळलेलं बोंड उचलायचं तरी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते आणि तिला महिने लागतात. अर्जात क्वाड्रॅटची संख्या, प्रत्येकातली मातीची ग्रॅममधली मात्रा आणि तीन फेऱ्यांच्या तारखा लिहा. मोघम अर्ज परत येतो. दरम्यान जूनच्या आधी एकदा कोरड्या पठारावर जाऊन अधिवासांचा नकाशा काढून ठेवा. कातळाच्या भेगा आणि खोलगट जागा तेव्हा उघड्या दिसतात, जुलैत धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही.